डब्यात राहिलेली हाक

मंगळवार, मार्गासनी

कंपनीचं उत्तर आलं. हाक देणारं यंत्र आम्ही बंद केलंय, त्याचं सॉफ्टवेअर खुलं करता येणार नाही. दोनच ओळी. आम्ही गिऱ्हाइकांनी मिळून लिहिलं होतं, नवं काही नको, प्रोग्राम तेवढा खुला करा, आमचं आम्ही चालवू.

कंपनीचं ते यंत्र म्हणजे गोठ्यावर लावलेला भोंग्याचा डबा, त्यात वडलांची हाक भरलेली आहे. संध्याकाळी मोबाईलवर बटण दाबलं की डबा त्यांच्या आवाजात शेरडांना बोलवायचा. वडील गेले तरी शेरडं त्याच हाकेवर डोंगर उतरत होती. गेल्या महिन्यात कंपनीनं सर्व्हर बंद केला आणि डबा मुका झाला. हिरवा दिवा मात्र अजून लागतो. म्हणजे हाक आत आहेच ना?

मोबाईलवर वेगळी का घेऊन ठेवली नाही मी? आई म्हणायची, गेलेल्या माणसाचा आवाज उगं वाजवू न्हाई, शेरडांपुरता ऱ्हाऊ दे. ऐकलं तिचं.

आज उत्तर वाचून दाखवलं, तर म्हणाली, "डबा तुमच्याकडंच ठिवा म्हनावं. आवाज तेवढा द्या."

मग स्वतःच हाका मारत बांधावर गेली. शेरडं आली, पण गोठ्यात शिरेनात. डब्याखाली थांबून हिरव्या दिव्याकडे बघत राहिली. आई त्यांच्या मागं उभी राहिली, आणि तीही तिकडंच बघत होती.