आई, तू सहा बाळुती ठेवली होतीस

१७ डिसेंबर, सोलापूर

प्रिय आई,

तू गेल्याला दहा महिने झाले आणि तुला मी एक ओळ लिहिली नाही, याची माफी माग म्हणालीस तर मागते. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. रोजची डायरी लिहीत होते. गॅस कधी आला, ग्रंथालयात कोण रजेवर होतं, सगळं लिहिलं. तुला लिहायला बसलं की एक दुपार आठवायची आणि मी वही मिटायचे.

आज लिहिते आहे, कारण नाताळची नाटिका या वर्षी माझ्याकडे आली आहे. तीस वर्षं तू बसवलीस, गेल्या वर्षी तू अंथरुणाला होतीस म्हणून झालीच नाही, आता चर्चच्या मंडळीनं म्हटलं, एस्तेरबाई आहेत की.

रविवारी उपासनेनंतर बैठक झाली. कमिटीतले सॅम्युएलकाका म्हणाले, "बाई, या वर्षी मोबाईलवरनं लाइव्ह दाखवणार आहोत. माझा भाऊ दुबईत बसून बघणार. तवा येशूच्या जागी खरं बाळ नको. बाहुली मागवलीय. लई छान हाय, डोळे मिटती."

आणि आई, मी काय म्हणाले? "चालेल की." लगेच! विचारसुद्धा केला नाही. उलट बरं वाटलं, एक कटकट गेली.

घरी येताना तू आठवलीस. साहजिकच.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते ते वर्ष तुलाही आठवत असेल. तुझी वॉर्डात ड्यूटी लांबली आणि नाटिका माझ्यावर सोपवलीस. पडदा उघडायला पाच मिनिटं असताना बाळ ओकलं. मरियेच्या निळ्या साडीवर, गवतावर, माझ्या हातावर. मला शिसारी आली. मी बाळ त्याच्या आईच्या हातात दिलं आणि शेजारच्या पिंकीची गुलाबी बाहुली गव्हाणीत ठेवली. नाटिका झकास झाली. लोक म्हणाले, यंदा बाळ किती शांत होतं!

तू आयाच्या पांढऱ्या साडीतच मागं येऊन उभी राहिली होतीस. दुसऱ्या दिवशी करंज्या लाटताना विचारलंस, "बाळ कुठं होतं?"

"ओकलं गं ते."

"मग? पुसायचं."

"आई, ते प्रतीक असतं. बाहुली काय, बाळ काय."

"तुझं प्रतीक भूक लागली की रडतं का?" तू लाटणं थांबवलंस. "तो बाहुली झाला नाही, एस्तू. माणूस झाला. ओकणारा, मुतणारा. देवाला लाज वाटली नाही, तुला का वाटली?"

मला राग आला होता. मी कॉलेजात शिकत होते, चार पुस्तकं वाचली होती, आणि तू मला मुतण्यावरून धर्म शिकवत होतीस! मनात म्हटलं, ही बाई आयुष्यभर बाळंतिणींच्या वॉर्डात राहिली, हिला दुसरं काय सुचणार. ते आता लिहून टाकते. तोंडावर कधी म्हणाले नव्हते, पण तुला कळलं असणार.

मी स्वतः तीन महिन्यांची असताना त्या गव्हाणीत निजले होते, हे तूच सांगायचीस. मुलगी म्हणून पाळक कुरकुरले तर तू म्हणालीस, "बाळुत्यात गुंडाळल्यावर कोण बघतंय?" मी तेव्हा काय केलं, असं विचारलं की हसायचीस. सांगितलं मात्र कधीच नाहीस.

आता ती दुपार. लिहिते.

तू अंथरुणाला खिळलीस तेव्हापासून रेणुकाबाई सकाळ-संध्याकाळ यायच्या. तुझी अंघोळ, कपडे, सगळं त्या करायच्या. मी औषधं द्यायचे, जेवण भरवायचे, मोठ्यानं वाचून दाखवायचे. लोक म्हणायचे, मुलगी किती करते. मी ते ऐकून घ्यायचे.

त्या दिवशी मला सुट्टी होती. तू हाक मारलीस. दारातच वास आला आणि कळलं. मी म्हणाले, "रेणुकाबाईंना फोन करते, पाच मिनिटांत येतील." त्या भवानी पेठेतून यायच्या होत्या. चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मी स्वयंपाकघरात उभी होते. काही करत नव्हते. कट्टा दोनदा पुसला.

तू एकदाच हाक मारलीस. मला वाटलं चिडली असशील. तू विचारलंस, "एस्तू, तू जेवलीस का गं?"

ओरडली का नाहीस आई? हजारो परक्या बाळांचं तू धुतलंस, आणि स्वतःच्या मुलीला एकदा म्हणाली नाहीस की ये, हात लाव! ओरडली असतीस तर मी कदाचित आले असते. की नसते आले? हे मला खरंच माहीत नाही, आणि हेच मला पुन्हा पुन्हा विचारावंसं वाटतं.

त्या दिवशीच्या डायरीत मी लिहिलं आहे: "आईची तब्येत ठीक. रेणुकाबाई दुपारी जादा आल्या." एकही शब्द खोटा नाही. म्हणून जास्त वाईट वाटतं.

देव माणूस झाला, हे मी लहानपणापासून म्हणत आले. त्यात अवघड काय आहे, असंच वाटायचं. देव आहे, तो काहीही करू शकतो. तारा, देवदूत, मेंढपाळ, सगळं मला चालायचं. पण माणूस झाला म्हणजे त्याला कुणीतरी धुतलं असणार, कुणीतरी ओलं बदललं असणार, याच्यापाशी मी कधी थांबलेच नाही. शेवटच्या चार महिन्यांत मला देवावर विश्वास ठेवायला जमत होतं, तुझ्या चादरीला हात लावायला जमत नव्हतं. मग मी नक्की कशावर विश्वास ठेवत होते?

काल संध्याकाळी नाटिकेची पेटी काढली. मेंढपाळांच्या काठ्या, ताऱ्यामागून आलेल्या मागी ज्ञान्यांचे मुकुट, चमकीचा तारा. तळाशी तुझ्या जुन्या मऊ साडीची बाळुती, धुऊन, घडी घालून. मोजली, सहा होती. नाटिका वीस मिनिटांची. बाळाला गुंडाळायला एक पुरतं. तू सहा ठेवली होतीस!

सहाही पुन्हा घडी घालून पेटीत वरच ठेवली. मग चप्पल घालून मार्थाकडे गेले.

मार्था तुला माहीत नाही. अक्कलकोटकडची आहे, गेल्या वर्षी मंडळीत आली, नवरा टॉवेलच्या कारखान्यात आहे. बाळ चार महिन्यांचं. मी विचारलं तर ती हसायलाच लागली.

"आमचं बाळ? नको ओ मॅडम. लई काळं हाय की ते. सॅम्युएलकाकांनी दावली ना बाहुली मोबाईलवर, कसली गोरीपान हाय. लोक हसतील."

"हसू देत."

"आणि रडतंय लई. सर्दी बी हाय."

"मार्था, तिथं गोठ्यात कोण गोरंपान होतं?"

तिनं पदरानं बाळाचं नाक पुसलं. मग दूध उतू जातंय म्हणून आत पळाली आणि जाताना बाळ माझ्याकडे देऊन गेली. दोनच मिनिटांत ते माझ्या खांद्यावर ओकलं. गरम, आंबट. आई, माझ्या तोंडात "मार्था" अशी हाक आली होती. अगदी जिभेवर. मग मी ओढणीच्या टोकानं आधी त्याचं तोंड पुसलं, मानेची घडी पुसली, मग माझा खांदा.

मार्था बाहेर येऊन म्हणाली, "अगं बाई! ओ मॅडम, हाक मारायची की!"

यानं ती चाळीस मिनिटं भरून निघत नाहीत. तसं मी लिहिणार नाही. एका परक्या बाळाचं तोंड पुसणं सोपं आहे, ते नुसतं दूधच असतं. तू अवघड होतीस.

आज सॅम्युएलकाकांना फोन केला. बरेच कुरकुरले. "तुमच्या आईवानीच बोलाय लागला की ओ. मधीच रडलं म्हंजे? दुबईवाले काय म्हणतील?"

"म्हणतील, बाळ रडतंय."

"आन् बाहुलीचं काय करू?"

"संडेस्कूलच्या पोरींना द्या. खेळतील."

शेवटी म्हणाले, "बरं. पण काय झालं तर तुमची जबाबदारी." मी हो म्हटलं.

देव माणूस झाला हे मला आता पुरतं समजलं, असं काही नाही. पण तुझं म्हणणं काय होतं ते समजलं, आणि उशिरा समजलं. तुला वचन देते. नाटिकेच्या दिवशी मी गव्हाणीच्या मागंच उभी राहीन, सहाही बाळुती खांद्यावर घेऊन. रडलं तर रडू देईन. ओकलं, भिजवलं, तर ते माझ्या हातानं पुसेन, सगळ्यांदेखत. कुणाला फोन करणार नाही.

तुझी,
एस्तू

उद्या: मार्थाला बाळाच्या दुधाच्या वेळा विचारून लिहून घेणे.