खिडकीतली पाहुणी

सोमवार, ४ नोव्हेंबर

आज परत तेच केलं!

संगणकाच्या खिडकीत एका बाईनं विचारलं— काकडीचं लोणचं वर्षभर टिकवायचं तर व्हिनेगर किती घालायचं. प्रश्न वाचला आणि मी उठले. मागच्या कपाटातून पुस्तक काढलं, पान शोधलं, त्यात बोट घालून परत आले आणि पुस्तक पुढे केलं. कुणापुढे? बाई तिकडे पार उत्तरेला, चार तासांच्या रस्त्यावर! खिडकी केव्हाच बंद झालेली. 'बराच वेळ उत्तर न आल्याने संभाषण संपवले आहे.' खाली रागावलेला पिवळा चेहरा. बाईनं जाता जाता दिलेला.

आर्डिस हसून हसून काउंटरवर ओणवी झाली. "अगं सिग्नी, पुस्तक कुणाच्या हातात देणार होतीस? त्या पडद्याच्या?"

वाचनालयाच्या मुख्य कचेरीनं ठरवलंय, आता अख्ख्या प्रांतातल्या वाचकांनी प्रश्न एकाच खिडकीत टाकायचे आणि आम्ही लहान शाखांनी पाळीपाळीनं उत्तरं द्यायची. माझी पाळी सोमवार-गुरुवार दुपारची. इतकी वर्षं मी माणसाचा चेहरा बघून पुस्तक काढत आले. कोण नुसतं बोलायला आलंय, कोणाला खरंच घाई आहे, कोण विचारायला लाजतंय— चेहऱ्यावर दिसतं ना! इथे चेहराच नाही. नुसती चमकणारी रेघ. ती लुकलुकत राहते, आणि मला वाटतं ती बोट आपटतेय.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

आर्डिस माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, आणि तिला सगळं पटापट येतं! मागच्या वर्षापर्यंत प्रिंटरला शिव्या घालायची. आता जेवणाच्या सुट्टीतही शिकवणीचे धडे उघडून बसते. सँडविच एका हातात.

आज पडद्यावर शिकवणी होती. मुख्य कचेरीची डेल्फीन शिकवते. गोड मुलगी, पण बोलते पाण्याच्या धारेसारखी. "काही शंका?" तिनं विचारलं. माझ्याकडे शंकांचं पोतं, पण तोंड उघडेना. आर्डिसनं विचारलं, "वाचनालयाच्या संगणकावर कुणी काय बघितलं, ते मागाहून दुसऱ्याला कळू नये असं पुसायचं कसं? अगदी समूळ?"

डेल्फीन खूश. "बघा! वाचकाच्या खासगीपणाची किती जाण आहे यांना!"

मी मान खाली घालून वहीत काहीतरी गिरवत बसले.

बुधवार, ६ नोव्हेंबर

बॉयलर परत बंद पडला. गार्थ आला आणि पाना घेऊन तळघरात उतरला. आर्डिसचा नवरा नसता तर आमची शाखा केव्हाच गोठली असती. रिंकवरचा बर्फही तोच गुळगुळीत करतो, पोरांच्या स्केट्सना धार तोच लावतो. येताना माझ्यासाठी पिकरेल माशाचे साफ केलेले तुकडे आणले होते, कागदात गुंडाळून.

"काय गं सिग्नी, माझी बायको आता संगणकाची डॉक्टरीण झाली म्हणे! तू अजून पट्टीबांधणीतच का?"

सगळे हसले. मीही.

निघताना त्यानं आर्डिसच्या कोटाच्या खिशातून तिचा फोन काढला, चार्ज आहे का बघितला, थोडा वेळ पडदा वर-खाली सरकवला आणि परत ठेवला. माझा फोन आठवडाभर मेलेला असला तरी कुणाला पत्ता नसतो. मनात आलं, कुणीतरी इतकी काळजी करावी.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

एकदम तीन खिडक्या! मोटारीच्या ब्रेकबद्दल विचारणाऱ्याला बाळाच्या मोज्यांची वीण पाठवली. त्यानं लिहिलं, 'छान आहे, पण गाडी थांबेल का?'

वाचनालयाच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुऊन परत.

सोमवार, ११ नोव्हेंबर

युद्धात गेलेल्या सैनिकांचा स्मृतिदिन, सुट्टी. घरी स्वयंपाकघराच्या टेबलाशी टाइप करायचा सराव. मला घाईनं लिहिताच येत नाही. वाक्य पुरं होण्याआधीच पाठवायचं म्हणजे अर्धवट कपड्यांत दार उघडल्यासारखं वाटतं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

गुरुवारी आर्डिसला सुट्टी असते, म्हणून मी एकटीच. बाहेर चिकट बर्फ, वाचनालयात एकही माणूस नाही. साडेतीनच्या सुमाराला खिडकी उघडली. नाव न देणाऱ्या प्रत्येकाला ती यंत्रणा 'पाहुणा' म्हणते. पाहुण्यानं लिहिलं:

'बाईला घर सोडायचं असेल तर बरोबर काय काय न्यावं?'

आम्हाला शिकवलंय, आधी उलट विचारा, नेमकं काय हवंय ते काढून घ्या. मी शहाणीनं विचारलं, 'घर बदलण्याविषयी पुस्तक हवंय का?'

बराच वेळ रेघ लुकलुकत राहिली. मग—

'नाही. त्याला न कळता.'

बायकांच्या बाथरूममध्ये भिंतीवरच्या डब्यात लहान चिठ्ठ्या ठेवलेल्या असतात, बुटात मावतील एवढ्या. मदतीचा फोन, आसऱ्याची सोय, बरोबर काय घ्यायचं, सगळं त्यावर असतं. मी उठले. धावले! डबा रिकामा. शेवटची चिठ्ठीही कुणीतरी नेलेली. मग कोठीच्या खोलीत गेले, खोकी उपसली, गठ्ठा सापडला, तशीच धावत आले.

खिडकी बंद.

तिच्या शेवटच्या दोन ओळी तेवढ्या वर राहिल्या होत्या.

'आहेस ना?'

आणि त्याखाली:

'कपाटाकडे गेलीस का?'

मी त्या पुसट खिडकीत उत्तर टाइप करत राहिले. अक्षरं उमटतच नव्हती. बंद खिडकीत काही उमटत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी करत राहिले.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

सकाळी डेल्फीनला फोन केला. ते संभाषण परत काढून दे, ती कुठून लिहीत होती तेवढं सांग.

"ते पुसलं जातं, सिग्नी. तुम्ही पान बंद केलंत की गेलंच. मुद्दामच तसं केलंय, वाचकाच्या भल्यासाठी."

"आणि वाचक संकटात असेल तर?"

ती बोलायची थांबलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

"मग तिनं परत येण्याची वाट बघायची," ती म्हणाली. हळूच.

कपाटाकडे गेलीस का! म्हणजे ती बाई लांबच्या गावची नाही, चार तासांवरचीही नाही. खिडकीत नुसतं 'सिग्नी' एवढंच दिसतं, पण सिग्नी म्हटल्यावर उठून कपाटाकडे जाणारी बाई जिच्या डोळ्यांपुढे येते, ती आमच्याच गावातली. माझ्या हातून पुस्तकं नेणारी.

आज काउंटरवर आलेल्या प्रत्येकीच्या मनगटाकडे बघितलं. बेकरीवाल्याच्या बायकोनं उन्हाचा चष्मा लावला होता, तर मी का म्हणून विचारलंच. डोळे आलेत म्हणाली बिचारी. स्वतःची लाज वाटली.

सोमवार, १८ नोव्हेंबर

आर्डिसला सांगितलं. वाचकाचं असं दुसऱ्याला सांगू नये, पण ती माझ्याबरोबरच काम करते, आणि मला ते एकटीनं पेलवेना.

ती परत आलेल्या पुस्तकांची चळत लावत होती. हात थांबले नाहीत. "मिळालं असेल तिला कुठेतरी. तू स्वतःला खाऊ नकोस."

"माझ्यामुळे ती मेली तर?"

"काहीतरीच काय गं बोलतेस!" असं ओरडली की वर्तमानपत्र वाचणाऱ्या म्हाताऱ्यानं मान वर केली. मग खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली. "हे बघ. उठायच्या आधी एवढंच लिहायचं— 'आलेच, थांबा.' मग माणूस थांबतं. आणि दर थोड्या वेळानं एक टिंब टाकायचं, नुसतं टिंब. यंत्राला वाटतं तू जागेवर आहेस, ते खिडकी बंद करत नाही. कर बघू. हं, परत."

अंधार पडेपर्यंत माझ्याकडून करून घेतलं. टिंब. टिंब. टिंब. कसला धीर आहे तिला! मध्ये गार्थचे फोन येत होते. ती उचलायची, "हो, इथेच आहे. हो, सिग्नीबरोबर," म्हणायची आणि ठेवायची.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

साडेतीनच्या आधीपासून खिडकीपुढे. ती आली नाही.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

काल चार जणांना उत्तरं दिली, चौघांचेही हसरे चेहरे! डेल्फीननं टाळ्या वाजवल्या. मला काय त्याचं? जिच्यासाठी शिकले ती कुठे आहे?

आर्डिसनं आज कार्डाबद्दल विचारलं. नवीन पद्धतीत वाचकाचं कार्ड उघडलं की सगळं दिसतं: पत्ता, फोन, कुठलं पुस्तक मागवलंय आणि ते प्रांतातल्या कुठल्या शाखेतून घ्यायचंय.

"हे दिसतं कुणाला?"

"आपल्याला. काम करणाऱ्यांना."

"घरच्यांनी येऊन मागितलं तर?"

"नाही दाखवायचं. नियमच आहे, तूच तर मला पाठ करायला लावलास!"

"हो," ती म्हणाली. "मीच लावला."

थकल्यासारखी दिसत होती. कॉफी करून दिली, तर तशीच ठेवून गेली.

सोमवार, २ डिसेंबर

आर्डिस आली नाही. न कळवता राहिली असं कधी झालेलं नाही. फोन केला, तर गार्थनं उचलला. "तापलीय गं. अंथरुणात आहे." तिचा फोन त्याच्याकडे.

संध्याकाळी कोकराचं सूप घेऊन गेले. दार वीतभर उघडलं. पातेलं घेतलं, पण मला आत घेतलं नाही. "झोपलीय. तुलाही लागण व्हायची." हसला. हनुवटीवर दाढीचे खुंट. त्याच्या खांद्यावरून आतलं दिसलं— स्वयंपाकघराचे सगळे खण ओढून काढलेले, जमिनीवर कागद पसरलेले.

गाडीत येऊन बसले. किल्ली फिरवली आणि हात तिथेच राहिला.

'कपाटाकडे गेलीस का?' इतके दिवस ती ओळ मी गावातल्या प्रत्येक बाईच्या आवाजात ऐकून बघितली. एकीच्या आवाजात ऐकली नव्हती. जिच्याकडे तोंड करून मी रोज बसते, तिच्या!

बाथरूममधल्या चिठ्ठ्या तिनंच नेल्या असणार. समोरासमोर सांगता येईना म्हणून तिनं मला खिडकीतून विचारलं, आणि मी उठून गेले.

मंगळवार, ३ डिसेंबर

पोलिसांना फोन केला. ज्यानं उचलला तो गार्थबरोबर हॉकी खेळतो.

"कोण, आपला गार्थ?" हसलाच. "अहो, फ्लू आहे बाईला. तुम्ही फार पुस्तकं वाचता, सिग्नी."

दुपारी तो जाऊन आला म्हणे. गार्थनं त्याला कॉफी पाजली. आर्डिस बहिणीकडे गेलीय, असं आता सांगतोय. कालपर्यंत तापानं झोपली होती! मी म्हटलं, दोन्ही खरं कसं असेल? तर पोलीस म्हणतो, नवरा-बायकोत असतं काहीतरी, आपण पडू नये.

तिच्या बहिणीला गेल्या उन्हाळ्यात पुरलं. मी होते तिथे. तेही सांगितलं. "बरं, बघतो," म्हणाला.

आणखी कुणाला सांगू? सगळ्या गावाच्या पोरांच्या स्केट्सना त्यानं धार लावलीय.

बुधवार, ४ डिसेंबर

जेवण गेलं नाही. काउंटरवर तिच्या खुर्चीकडे पाठ करून बसले. तरी ती दिसतेच.

तळ्यावर बर्फ धरलाय. आज मासेमारांच्या गाड्या बर्फावरून आत गेल्या. बर्फाला भोकं पाडायच्या यंत्राचा आवाज वाचनालयापर्यंत येत होता. कान झाकून घेतले. मला काय काय सुचतं ते इथेही लिहवत नाही.

गुरुवार, ५ डिसेंबर

गार्थ आला. बूट नीट झटकून. "सिग्नी, आर्डिसचं कार्ड उघड ना जरा. पुस्तकं परत करायची राहिलीत वाटतं. पत्ता-बित्ताही बघू, बरोबर आहे का ते." काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून उभा राहिला.

मी उघडलं. पडदा माझ्याकडे. तिनं एक पुस्तक मागवलंय, काल रात्री. फोन नवा. कुठल्या शाखेतून घेणार तेही आहे. गावाचं नाव मी इथेसुद्धा लिहीत नाही.

दोन कळा दाबून पडद्यावरचं सगळं मिटवलं. आता येतं मला ते. मग पडदा त्याच्याकडे वळवला. नुसता पांढरा.

"हे बघ, परत गेलं कुठेतरी! मला यातलं काही कळत नाही रे, गार्थ. अख्ख्या गावाला माहीत आहे."

त्यानं मान हलवली. त्याला लगेच पटलं.