तव्यावरचे स्कोन

अमरावती, १४ जानेवारी २०२५

ती. आत्याबाईंना,
संध्याचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं कानाचं यंत्र पुन्हा कपाटात गेलं, असं योगेशदादाने सांगितलं. म्हणजे आता फोन करून उपयोग नाही. तुम्ही तिकडून हॅलो हॅलो म्हणत राहणार आणि मी इकडून ओरडत राहणार. तुमच्या शेजारच्या भागीरथाकाकूंचा हा मुलगा नोकरीसाठी रोज अकोला-अमरावती अप-डाऊन करतो, तेव्हा आपला पोस्टमन तोच.

बातमी अशी, की इथल्या एका महिला प्रशिक्षण संस्थेत बेकरी शिकवणाऱ्या निदेशिकेची जागा निघाली आहे आणि शेवटच्या दोघींत माझं नाव आहे. जूनमध्ये माझं वय मर्यादेबाहेर जातं, त्यामुळे ही शेवटचीच संधी. ११ फेब्रुवारीला निवड समितीसमोर मुलींचा तास घ्यायचा आहे. चिठ्ठी टाकून दोघींनाही स्कोनच दिला आहे. स्कोन म्हणजे गोडसर, जाडजूड, बाहेरून खुसखुशीत आणि आतून मऊ असा चहाबरोबर खायचा इंग्रजी प्रकार.

दुसरी उमेदवार ओव्हनवर शिकवणार आहे. ओव्हन मलाही येतो, डिप्लोमा त्याचाच आहे. पण तासाला बसणाऱ्या मुली धारणीकडच्या खेड्यांतल्या. घरी गेल्यावर त्यांना ओव्हन कुठला? म्हणून मी तव्यावर शिकवणार. बाबांच्या मते हा शुद्ध वेडेपणा आहे. माझे चार घाणे वरून काळे आणि आतून कच्चे झाले, ते बाबांनीच खाल्ले, म्हणून त्यांचं मत जरा कडू आहे. एकतीस वर्षं मुलींच्या वसतिगृहात तुम्ही रांधलंत. आच तुमच्याइतकी कुणाला कळते? सोबत कृती आहे. करून बघाल?

तुमचा हात पाठीवर असू द्या.
तुमची भाची,
संध्या

अकोला, २१ जानेवारी २०२५

चि. संध्यास,
आत्याचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझं नाव शेवटच्या दोघींत आलं हे मी गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलं आहे, आता माघार घेऊ नको. स्कोनाचं म्हणशील तर काळं होणं थांबलं. तुझा तवा पातळ आहे, त्याला मी काय करू? मी बिडाचा जाड तवा घेतला, गॅस अगदी बारीक केला आणि वर परात पालथी घातली. दोन्ही बाजूंनी रंग असा आला की बघत राहावं.

पण खायला बसलो तर दगड. भागीरथाने चहात बुडवून ठेवला, चहा निवला तरी तो काही मऊ होईना. पीठ मी चांगलं भिजवलं होतं. मुठीने तिंबलं, तेलाचा हात लावून आपटलं, अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवलं. पुरणपोळीच्या कणकेला करते त्याहून कमी काही केलं नाही. यात माझी चूक नाही. इंग्रजांचीच कृती खोटी असेल.

तुझ्या बाबाला सांग, काळं खाल्ल्याने काही होत नाही. लहानपणी मोतीराम माझ्या हातचं बरंच काही खाऊन वाढला.

आठवण ठेव, पत्र लिही.
तुझी आत्या

अमरावती, २५ जानेवारी २०२५

ती. आत्याबाईंना,
सविनय जयभीम. वि. वि.

इंग्रजांना सोडा, चूक तुमचीच आहे. रागावू नका, माझीही तीच होते. कृतीत स्पष्ट लिहिलं आहे की पीठ मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. डिप्लोम्यात ते शिकवलं, परीक्षेत लिहून मार्क घेतले, पण परातीत हात गेला की मी तिंबायला लागते. आपल्या घरात ज्या बाईची कणीक तिंबलेली नसते तिला आळशी म्हणतात. ते हाताला लागलं आहे, डोक्याचं ऐकत नाही.

आच मात्र तुम्ही जिंकलीत. बिडाचा तवा मिळवला, रंग सुंदर येतो. बाबा रोज आठवण देतात की संस्थेत चांगला मोठा ओव्हन आहे. काल मीही क्षणभर डगमगले, हे तुमच्यापासून लपवत नाही. आत्याबाई, ही जागा मला हवी आहे, फार हवी आहे.

माया पातळ होऊ देऊ नका.
संध्या

अकोला, ८ फेब्रुवारी २०२५

चि. संध्यास,
जयभीम आणि आशीर्वाद. तातडीने लिहीत आहे.

जमलं. काल रमाई जयंती होती, विहारात काहीतरी न्यावं म्हणून सकाळी पुन्हा पीठ घेतलं. करंजीला करतो तसं मोहन चोळलं, मूठ वळेपर्यंत. ताक आणि खायचा सोडा घातला, आणि आता तिंबणार तेवढ्यात भागीरथा दारात हातवारे करू लागली, सिलिंडरवाला आला होता. ती नसती तर मला कळलंही नसतं. परत आले तर विहाराची वेळ झालेली. तसंच खडबडीत पीठ थापलं, बोटभर जाड, त्रिकोण कापले आणि चरफडत तव्यावर टाकले. फुलले की गं. बाजूची ओल गेली की उलटायचे, शेवटी कडेवर उभे करून बाजूही शेकायच्या. विहारात बायकांनी पुन्हा मागून खाल्ले.

म्हणून सांगते, ताक घातलं की दहापर्यंत मोजायचं आणि हात बाहेर काढायचा. मी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी हात आवरायला शिकले, तुला अवघड नाही.

एक मात्र ऐक. कुठे शिकलीस असं साहेबांनी विचारलं तर डिप्लोमा सांग. मोठ्या लोकांसमोर स्वयंपाकिणीचं नाव काढून स्वतःचं नुकसान करू नको.

जिंकून ये, नाही आलीस तरी माझीच आहेस.
तुझी आत्या

अमरावती, १२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्याबाईंना,
सविनय जयभीम. वि. वि.

काल तास झाला. दहापर्यंत मोजलं, हात बाहेर काढला, मुलींनाही मोजायला लावलं. स्कोन फुलले. समितीतल्या बाईंनी दुसरा मागून घेतला. सगळं छान चाललं होतं, आणि पहिल्या बाकावरच्या धारणीच्या एका मुलीने विचारलं, की घरी गॅस नाही, चूल आहे, चुलीवर आच इतकी बारीक कशी ठेवायची.

आत्याबाई, मी चुलीवर कधी स्कोन केला नाही. काहीतरी ठोकून देता आलं असतं, समितीला कुठे कळणार होतं? पण ती मुलगी घरी जाऊन तसंच करणार आणि घरातलं पीठ वाया घालवणार. मी त्या मुलीशी आपल्या बोलीतच बोलले, "मले हे ठाऊक नाई. माह्या आत्याबाईले इचारून सांगतो."

अध्यक्षांनी विचारलं की या आत्याबाई कोण. तुमचं ऐकलं नाही, माफ करा. मी सांगितलं, अकोल्याच्या वसतिगृहात एकतीस वर्षं स्वयंपाकीण होत्या, आणि आज तव्यावर जे पाहिलंत ते त्यांनी शिकवलेलं आहे. अध्यक्षांनी काहीतरी लिहून घेतलं. बाबा कालपासून माझ्याशी धड बोलत नाहीत. परीक्षेत कुणी माहीत नाही म्हणतं का, एवढंच पुटपुटतात. जागा गेली असेलही, पण नाव घेताना मान ताठ होती माझी.

त्या मुलीला उत्तर द्यायचं आहे. लवकर कळवा.
तुमचीच,
संध्या

अकोला, १४ फेब्रुवारी २०२५

चि. संध्यास,
जयभीम, आशीर्वाद.

आधी त्या पोरीचं उत्तर घे. चुलीतली लाकडं पूर्ण ओढून घ्यायची, जाळ नको, नुसते निखारे, तेही पसरून. पानात गुंडाळून पानगे भाजताना वरून खालून निखारे असतात तसंच: तव्यावर जाड झाकण ठेवून त्यावर थोडे निखारे. राख पडू नये म्हणून झाकण काठाचं हवं. हे आज सकाळी स्वतः करून मग लिहिलं आहे.

वसतिगृहात मी खूप अधिकारी पाहिले. माहीत नाही असं म्हणणारा एकही आठवत नाही. पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, भागीरथाला वाटलं वाईट बातमी आली.

जपून राहा.
आत्या

अमरावती, ६ मार्च २०२५

ती. ताईस,
मोतीरामचा सादर जयभीम.

संध्या कागदपत्रांसाठी धावते आहे म्हणून मी लिहितो. तिची निवड झाली. बाप म्हणून मी चुकलो आणि ते तिला तोंडावर सांगितलं, आता तुलाही सांगतो.

तुझं निखाऱ्याचं उत्तर आलं त्याच दिवशी तिने ते संस्थेत नेऊन त्या मुलीला वाचून दाखवलं होतं. निकाल लागायचा होता, तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. अध्यक्ष म्हणाले की दुसऱ्या बाईंचे स्कोन जास्त उंच होते, पण मुलींसाठी परत येणारी हीच एक होती.

आणखी एक. एप्रिलमध्ये चुलीवरचा तास ठेवला आहे आणि तो घ्यायला त्यांनी तुला बोलावलं आहे. अर्ज सोबत आहे. शिक्षणाचा रकाना आहे म्हणून बिचकू नको, तो कोरा ठेवलास तरी संध्या बघून घेईल.

धाकटा भाऊ,
मोतीराम

अकोला, १० मार्च २०२५

चि. संध्यास,
जयभीम. आशीर्वाद किती लिहू, कागद पुरायचा नाही.

माझी भाची निदेशिका झाली. हे मी विहारात उभं राहून सांगितलं, आणि माझ्या कानाला ऐकू येत नाही म्हणून जरा मोठ्यानेच सांगितलं असावं. योगेशच्या हाती पेढे पाठवते आहे, मोतीरामला दोन जास्त दे, बिचाऱ्याने काळे स्कोन खाल्ले आहेत.

एप्रिलमध्ये मी येणार. यंत्र लावून येईन, पोरींचे प्रश्न ऐकायला लागतील.

अर्ज पूर्ण भरून पाठवते आहे. शिक्षणाच्या रकान्यात चौथी पास असं ठळक अक्षरात लिहिलं आहे. त्याखाली अनुभव, एकतीस वर्षे, रोज शंभर मुली. तुझ्या बाबाचं ऐकून त्यातलं काही खोडू नको.

तुझी आत्या,
चतुराबाई तायडे