नेत्रावतीच्या पत्त्यावर

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचले एकदाची! उदगीरहून बिदर, बिदरहून हुमनाबाद, तिथून दुबलगुंडीच्या रस्त्याने रिक्षात हाडं खिळखिळी करून घेत ही डाळमिल. अंगभर तुरीचा कोंडा. माझं काम मात्र मागच्या गार, बंद खोलीत: मिलचा मेल-सर्व्हर सांभाळायचा. कित्येक महिने कुणी अपडेट केलेला नाही. मालक जगदेवप्पा भला माणूस. सर्व्हरला ‘पोस्टाचं यंत्र’ म्हणतात आणि मला ‘दीपमाला अक्का’. वयाने माझ्या बापाएवढे! हसू दाबलं.

पहिला मेल बुद्धरत्नला. आई-बाबा गेल्यावर या धाकट्याला मीच वाढवलं, आणि आता साहेब जहाजावर. तिथे फोन लागत नाही, मेल तेवढा पोचतो. याच महिन्यात तो मुंबईला उतरेल. मग उदगीरला आम्ही दोघं, एक घर. तेवढ्यासाठी ही नोकरी.

५ फेब्रुवारी, बुधवार

चहावाली लक्ष्मम्मा माझ्या टेबलावर चहाचे दोन कप ठेवते. एक मला, दुसरा शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे. त्या दुसऱ्याला हात जोडते आणि साय धरली की उचलून नेते. ती खुर्ची नेत्रावतीची. माझ्या आधी ती हे काम करायची, दिवाळीत वारली. मिलमधलं माणूस गेलं की वर्षभर त्याच्या जागेवर चहा मांडायचा, अशी इथली रीत. मला आवडली.

बाकी लोक वाईट नाहीत, पण आपसात कन्नडमध्ये रंगलेले असतात आणि मी गेले की गप्प होतात. त्यामुळे मी डबा खाते ती नेत्रावतीच्या खुर्चीशी गप्पा मारत. बाई ऐकून घेते, मधे बोलत नाही, अजून काय हवं!

८ फेब्रुवारी, शनिवार

अपडेटआधी जुने मेलबॉक्स काढत होते. नेत्रावतीचा अजून चालू. बंद करते म्हटलं तर जगदेवप्पा दचकलेच. “नको अक्का. व्यापाऱ्यायला तिचाच पत्ता पाठ हाय. तिच्या पेटीलाच तुझं नाव जोड की.” एका पेटीला दोन माणसं! शिकाऊ पोरगंसुद्धा असं करणार नाही. पण नव्या माणसाने वाद किती घालायचा? जोडलं. अपडेट बिनबोभाट झाला. स्वतःच स्वतःची पाठ थोपटली, दुसरं आहे कोण?

१२ फेब्रुवारी, बुधवार

बुद्धरत्नचं उत्तर आलं. लिहितो, ताई, तुझा कालचा मेल वाचून रडलो. तुला इतकं एकटं वाटतं हे तू कधी बोलली नाहीस.

काल मी त्याला काहीच लिहिलेलं नाही.

पण तो मेल आहे. माझ्या नावाने गेलेला, मी बाहेर नळावर डबा धूत होते तेव्हा. त्यातला शब्द न् शब्द मी त्या खुर्चीला सांगितलेला. पासवर्ड बदलला, सगळं तपासलं. बाहेरून कुणी घुसलेलं नाही. तो इथूनच लिहिला गेलाय, या खोलीतून.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आणखी मेल गेलेत त्याला. ‘भाऊ, इकडेच ये. जवळ कुणीतरी हवं.’ मी त्याला भाऊ म्हणत नाही. कधीच नाही.

नेत्रावती कशी गेली ते लक्ष्मम्माला विचारलं. ती दारातच थांबली. “सुट्टी होती. एकल्याच काम करायल्या होत्या. हितंच, खुर्चीत गेल्या. पण उत्तरं जायलीच होती सगळ्यायला. मग कामून कोण बघायला येतंय?”

मला भीती वाटते. दोन्ही नावं वेगळी केलीच पाहिजेत. चालू दिवशी सर्व्हर बंद ठेवू देत नाहीत. उद्या रविवार आहे, उद्याच करते.

१६ फेब्रुवारी, रविवार

मिल बंद. एवढी शांतता इथे पहिल्यांदाच ऐकतेय. नावं सुटत नाहीत. माझं काढलं की तिचं जातं, तिचं काढलं की माझं. खोली फार गार झालीय. बोटं वळत नाहीत. शेजारची खुर्ची — जरा डोळे मिटते. मग पुन्हा —

१७ फेब्रुवारी, सोमवार

चहा आला. दोन कप. लक्ष्मम्माने दोन्हींना हात जोडले.

मी हाक मारली. ती पदराने डोळे पुसत होती. साय धरल्यावर दोन्ही कप घेऊन गेली.

१९ फेब्रुवारी

फाटकापर्यंत चालत गेले. फाटकाबाहेर पाऊल टाकलं तर — हीच खोली. पुन्हा गेले. हीच खोली.

नेत्रावती लिहितेय. बुद्धरत्नला. मी बघत बसते.

२० फेब्रुवारी

मुंबईला उतरलाय. लिहितो, तू बोलावतेस तर थेट मिलमध्येच येतो, ताई.

मी नाही बोलावलं. फोन लावला. त्याने उचलला! मी ओरडले, येऊ नकोस, उदगीरला जा. तो हॅलो हॅलो करत राहिला. म्हणाला, कोण आहे, नुसता पंख्याचा आवाज यायलाय. ठेवला.

२२ फेब्रुवारी

आलाय. उन्हाने रापलाय माझा बाळ. माझ्याच खुर्चीत बसवलंय त्याला.

जगदेवप्पा सांगतायत, रविवार होता, अक्का एकल्याच होत्या. तुमाला मेल केला होता की. तो म्हणतो, तसला काही आला नाही. ताईचेच येत होते, परवापर्यंत.

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याने कॉलर वर केली — गार वाटलं त्याला —

लक्ष्मम्मा. तीन कप. त्यातल्या दोन कपांना हात जोडले.

तो म्हणतो, ताईची जागा मी चालवतो. नको रे. जगदेवप्पा म्हणतात, व्यापाऱ्यायला जुनाच पत्ता पाठ हाय, त्याच पेटीला —

बुद्धा, वेगळी कर. वेगळी पेटी कर. माझं ऐक. शेजारची खुर्ची पुढे सरकलीय, तो नाव टाइप करतोय, मी त्याचा हात धरलाय, दोन्ही हातांनी, बुद्धा, एकदा वर बघ, एकदा माझ्याक —