परसातल्या केळीची फी

आबा, आज फैजपूरच्या ऑफिसचा जुना बोर्ड उतरवला. नव्या बोर्डावर रंगाऱ्याने माझं नाव लिहिलं, खाली ‘केळी सल्लागार’ लिहिलं आणि विचारलं, मॅडम, इथे विकता काय, तेही लिहून टाकतो. काहीच विकत नाही म्हटल्यावर तो माझ्याकडे पाहतच राहिला. मला तुमची अशी आठवण आली की घरी येऊन हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, तरी धंद्यातलं काही सांगायचं म्हटलं की आधी तुम्हीच डोळ्यांपुढे येता.

जळगावची कंपनीतली नोकरी सोडल्याचं मी तुम्हाला दीपनगरला पॉवर हाऊसच्या क्वार्टरमध्ये, जेवताना सांगितलं. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. आई कळण्याच्या भाकरी थापतेय, तुमचा पहिला घास हातात आहे, आणि मी एका दमात बोलून मोकळी होते, की कंपनीला जे औषध खपवायचंय तेच शेतकऱ्याला फवारायला सांगणं मला जमत नाही, मी आता स्वतः सल्ला देणार आणि त्यावरच पोट भरणार. पॉवर हाऊसमध्ये उभा जन्म शिफ्ट केलेले तुम्ही. आपल्या घराण्यात महिन्याचा पगार घेणारे पहिले तुम्ही, आणि धुळ्याला जाऊन शेतकीची पदवी आणणारी पहिली मी. तुम्ही घास ताटात ठेवलात. “सल्ला माणूस ओट्यावर बसून देतो माय, त्याचं कोणी दुकान टाकतं का?” एवढं म्हणून उठलात. आई माझ्यावरच चिडली. आणि पुढच्याच आठवड्यात भुसावळच्या जुन्या बाजारातून घेतलेलं टेबल एसटीच्या टपावर टाकून तुम्ही फैजपूरला उतरलात. टेबलाला रंग तुम्हीच दिला होता, तोही पॉवर हाऊसच्या पाइपांना देतात तसला हिरवा. असे तुम्ही.

माणसं यायची, नाही असं नाही. मी जीव तोडून सांगायचे, बागेत पाणी तुंबू देऊ नका, करपा आलेली पानं कापून बागेबाहेर नेऊन जाळा, दाटी कमी करा. माणूस मान डोलवायचा आणि तसाच बसून राहायचा. मला वाटायचं, आता फी विचारेल. त्याची नजर माझ्या मागच्या रिकाम्या फळीवर असायची. “ते समजलं बाई, पण औषध कोणतं देऊ राहिल्या?” औषध ठेवत नाही म्हटलं की तो समोरच्या दुकानात. तिथे बाटली घेतली की सल्ला वरून मिळायचा, आणि बाटलीशिवायचा सल्ला म्हणजे आमच्या भागात नुसत्या गप्पा. मीही कमी नव्हते. फी हा शब्दच माझ्या तोंडातून निघत नव्हता. तुमच्या वयाच्या माणसाला चहा पाजायचा आणि वर पैसे मागायचे, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. समोरच्या दुकानदाराने निरोप धाडला होता की फळीवर माझी औषधं ठेवा, खपतील तसं कमिशन घ्या. दिवाळीपर्यंत जमलं नाही तर हो म्हणायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. म्हणजे ज्याच्यासाठी नोकरी सोडली तेच पुन्हा, फक्त तुम्ही रंगवलेल्या टेबलामागे बसून.

त्यात तुमची मदत. सुट्टी असली की तुम्ही यायचात, पण एकटे कधी नाही. भुसावळपासून गाडीत जो केळीवाला भेटेल त्याला माझी पोरगी किती हुशार आहे, आणि एक पैसा घेत नाही, हे ऐकवत यायचात, आणि चार-पाच जणांची वरात घेऊन हसत आत शिरायचात. चहा तुमच्या खिशातून. ते लोक पोटभर विचारून, तुम्हाला दुवा देऊन निघून जायचे. एकदा माझा तोल सुटला. तुम्हाला बाहेर नेऊन मी म्हटलं, “आबा, तुम्हीच माझा धंदा बुडवू राहिले.” तुमचा चेहरा उतरला. गर्दी दिसली तर पोरीचं नाव होईल असं वाटलं, म्हणालात, आणि पुढची गाडी पकडून निघून गेलात. मला दिवसभर अन्न गोड लागलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तुम्ही पुन्हा आलात, एकटे. नेहमीसारखे माझ्या शेजारी बसला नाहीत. गिऱ्हाइकांच्या बाकावर बसलात, तिथे तिघे होते, त्यांचं विचारून होईपर्यंत थांबलात; ते चहा पीत तिथेच रेंगाळले. मग समोर आलात. “नमस्कार मॅडम. परसात दोन केळी आहेत, पानं करपू राहिली. पाहायला याल का? आणि तुमची फी काय?” त्या केळी मला माहीत नव्हत्या का आबा? न्हाणीच्या पाण्यावर नुसत्या माजल्या होत्या, पानांवर पॉवर हाऊसच्या राखेचा थर होता तेवढाच. जन्मात खोटं न बोललेला माणूस सरळ माझ्या डोळ्यांत बघत खोटं बोलतोय. मला आधी हसू येतं, मग येत नाही. बाकावरची माणसं ऐकताहेत. “एका भेटीचे पन्नास रुपये,” मी म्हणते, आणि आवाज मलाच परका वाटतो. औषध त्यातच का, असं तुम्ही विचारलंत. औषध मी ठेवत नाही, म्हटलं, मी बघणार आणि काय करायचं ते सांगणार, फी त्याची. “बरोबर आहे मॅडम,” म्हणालात, नोट टेबलावर ठेवलीत आणि चहाही न घेता गेलात. बाकावरचा एक जण दोनदा सगळं फुकट विचारून गेलेला. त्याने घसा खाकरला आणि माझ्या बागेत कधी याल म्हणून विचारलं. त्या दिवाळीला समोरच्या दुकानदाराला मी नकार कळवला.

पण तुम्ही ते मॅडम म्हणणं सोडलंच नाहीत. ऑफिसात अहो-जाहो, मग गाडीत, मग घरी चारचौघांत, शेवटी आईसमोरसुद्धा. शेवटच्या आजारात भुसावळच्या दवाखान्यात नर्सला म्हणालात, मॅडमना बसायला खुर्ची द्या. आज मी हे लोकांना मोठ्या तोऱ्यात सांगते, की माझे वडील मला मॅडम म्हणायचे. हा कागद टपालाच्या कुठल्याच पेटीत पडायचा नाही, म्हणून तुम्हाला तेवढं खरं सांगते. त्या खुर्चीवर बसून तुमचा हात धरला होता तेव्हा माझ्या मनात एकच होतं, आबा, एकदा पूर्वीसारखं माय म्हणा. मागितलं असतं तर लगेच म्हणाला असतात. मला मागायची लाज वाटली.