तोडीची नऊ दुकानं

३ फेब्रुवारी, सोमवार

अकरा वर्षांनी कोणीतरी माझ्याकडे माझं काम घेऊन आलं!

नगरपालिकेचे मुख्याधिकारी स्वतः घरी आले. खुर्चीच्या टोकावर बसले, तेव्हाच ओळखलं की काम अडचणीचं आहे. मोठ्या शहरातलं भारी कपड्यांचं एक चार मजली दुकान आपल्या गावात शाखा काढायच्या विचारात आहे. त्यासाठी नगरपालिकेनं काय काय कबूल केलंय — जागेचं भाडं दहा वर्षं माफ, कर माफ, गाड्या लावायला मैदान फुकट. ही आतून म्हणाली, "जावयाचेसुद्धा एवढे लाड कोणी करत नाही." शेजारच्या शहरानंही नेमकं हेच देऊ केलंय. म्हणजे आता सगळं दिसण्यावर आलं. आणि दिसायला आपल्या मुख्य रस्त्यावर नगरपालिकेचेच नऊ गाळे बंद, काचांवर जुनी वर्तमानपत्रं चिकटवलेली.

"काका, एकवीस तारखेला ते लोक बघायला येणार. तोवर काचेमागे काहीतरी मांडा."

काहीतरी मांडायला मी कशाला हवा? मांडीन ते नीट मांडीन, असं तोंडावर सांगितलं. तीस वर्षं मी जुन्या कापड दुकानाच्या काचा सजवल्या. ते दुकान बुडालं, पण माझ्या काचांमुळे नाही.

थोडे आढेवेढे घेतले आणि हो म्हटलं. खरं कारण वहीत लिहायला हरकत नाही — लेक. शिवणात तिचा हात धरणारं गावात कोणी नाही, आणि गावात तिला शिवायला काही नाही. लांबच्या कारखान्यातून बोलावणं आलंय. पंधरा मार्चला हजर व्हायचंय. ते दुकान आलं तर ती इथंच राहील. नाही आलं तर आम्ही दोघं आणि चार भिंती.

५ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर पात्यानं कागद खरवडले. खांदे भरून आलेत. जुन्या दुकानाच्या तळघरात सात पुतळे सापडले. एकाला हात नाही. खांद्यावरून कोट सोडला की कोणाच्या बापाला कळणार नाही.

लेक मदतीला आली. तिला पहिला धडा दिला: पुतळ्यानं गिऱ्हाइकाकडे बघू नये. जरा बाजूला बघावं. नजरेला नजर भिडली की माणूस लाजतं आणि पुढे निघून जातं. म्हणाली, "बाबा, गिऱ्हाईक लाजतं की तुम्ही?" जीभ आईची घेतलीय.

८ फेब्रुवारी, शनिवार

खिडक्या आहेत, माल नाही! घरोघर फिरलो. डॉक्टरीणबाईंनी चामड्याच्या दोन बॅगा दिल्या, निवृत्त मुख्याध्यापकांनी चांदीच्या मुठीची काठी आणि तीन टोप्या. लेकीनं सभागृहाच्या जुन्या हिरव्या पडद्यातून लांब कोट कापला. उद्या शिवून होईल. या पडद्यासमोर बसून आपण भाषणं ऐकली होती, हे आता सांगूनही खरं वाटत नाही.

मुख्याधिकारी साहेब येऊन बघून गेले. "काका, अजून भरा ना, रिकामं रिकामं वाटतंय." मी म्हटलं, ढीग कांद्याबटाट्यांचा लावतात, कोटाचा नाही. भोवती मोकळी जागा असली की माल भारी दिसतो. गप्प बसले. कोणाला गप्प बसवून इतका आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

हिचा निळा झगा न विचारता दुसऱ्या खिडकीत लावला. घरात अबोला. खिडकी मात्र उत्तम.

१९ फेब्रुवारी, बुधवार

नऊच्या नऊ झाल्या. संध्याकाळी दिवे लावून समोरच्या बाजूनं चालत गेलो, अनोळखी माणसासारखा. लोक थांबत होते. पाचव्या खिडकीत हिरवा कोट, एक खुर्ची, बास. तिथं एक बाई दार ढकलून बघत होती. कुलूप दिसल्यावर तिला राग आला. "मग मांडलंय कशाला?" मला म्हणाली. माझी छाती फुगली, हे लिहून ठेवतो.

ही मागून येऊन उभी राहिली. आपल्या झग्याकडे बघत म्हणाली, "अंगावर कधी इतका चांगला दिसला नाही." अबोला संपला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आले. तिघं. भेट मुद्दाम दुपारी दीडला ठेवलेली, आणि नऊ दारांवर 'जेवणाची सुट्टी' अशा पाट्या. साहेबांच्या डोक्याला मानलं.

मुख्य बाई पांढऱ्या केसांच्या, बोलायला कमी. पाचव्या खिडकीपाशी थांबल्या त्या थांबल्याच. कोटाची शिवण काचेतून बघत होत्या, नाक जवळजवळ काचेला लागलं. मी शेजारीच फडकं घेऊन उभा. मला विचारलं, "हे सगळं आम्ही येणार म्हणून केलंय का?"

साहेबांचा चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, "छे हो. आमचा बाजार असाच असतो."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. परतताना साहेबांनी माझा हात दाबला. घरी येऊन लेकीला चारदा सांगितलं की तिच्या शिवणीवर त्या बाईंची नजर कशी खिळली होती. पाचव्यांदा सांगायला लागलो तर उठून गेली, पण हसत.

९ मार्च, रविवार

उत्तर नाही. लेकीची बॅग पलंगाखालून बाहेर आली नाही अजून. चांगलं लक्षण, असं मी म्हणतो.

११ मार्च, मंगळवार

पत्र आलं. येणार नाहीत.

साहेबांनी मला बोलावून वाचून दाखवलं. आवाज मेल्यासारखा. 'आपल्या मुख्य रस्त्यावर आमच्या तोडीची नऊ दुकानं आधीच आहेत. विशेषतः तयार कोटांचं दुकान पाहता, आमच्या शाखेला इथं वाव दिसत नाही.' शेजारच्या शहरात जाणार. तिथला बाजार ओस पडलाय म्हणे!

खरं लिहितो. पहिल्या क्षणी मला अभिमान वाटला. आमच्या तोडीची! आयुष्यात इतकी मोठी शाबासकी मिळाली नव्हती. दुसऱ्या क्षणी लेक आठवली आणि खुर्चीत बसून राहिलो. एक शब्द खरा बोललो असतो तर? साहेब म्हणाले, "मीही खोटंच बोललो असतो, काका." भला माणूस.

ही म्हणाली, "आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा." लेकीनं पत्राची नक्कल मागून घेतली आणि पलंगाखालून बॅग काढली.

१५ मार्च, शनिवार

लेक गेली नाही.

काल ती बॅग घेऊन नगरपालिकेत गेली. बॅगेत कोटांचे कागदी साचे. साहेबांना म्हणाली, पाचवा गाळा द्या, दहा वर्षं भाडं माफ, कर माफ, त्यांना देणार होतात तसं. साहेब म्हणाले, ती सवलत त्यांच्या तोडीच्या दुकानालाच आहे. तिनं पत्राची नक्कल टेबलावर ठेवली.

आज कुलूप निघालं. कुलपावर चिडलेली बाई पहिली आत शिरली. खिडकी लेकीनं मला न विचारता बदललीय. पुतळा सरळ रस्त्याकडे बघतो, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांत. मी फडकं घेतलं आणि काच पुसली.