झाड क्रमांक ४१ आजारी ठरवून मिळण्याबाबत

प्रति,
मा. तालुका कृषी अधिकारी,
मूळरोग चित्रपाहणी कक्ष,
ख्लोंग मादुआ तालुका, चंथाबुरी प्रांत

दिनांक : २१ एप्रिल, बौद्ध संवत २५६८

विषय : माझ्या दुरियनच्या फळबागेतील झाड क्रमांक ४१ हिरव्या यादीतून काढून लाल यादीत घालणे, तसेच १२ मे रोजीचा ‘आदर्श वृक्ष’ समारंभ रद्द करणे.

संदर्भ : १) आपल्या पथकाची फेब्रुवारीतील पाहणी. २) माझे दि. ३ व ९ एप्रिलचे अर्ज. ३) दोन्ही अर्जांना आलेले, शब्द न शब्द सारखे उत्तर.

महोदय,

मी लमदुआन फोथिसान, वय ५८, राहणार बान नोंग टाको, या एकाच झाडाबद्दल तिसऱ्यांदा लिहीत आहे. “चित्रानुसार झाड निरोगी असल्याने कार्यवाहीची आवश्यकता नाही,” असे आपण दोनदा कळवले. चित्र मीही पाहिले आहे. ते चुकीचे का आले, हे आधीच्या अर्जांत मी पुरते लिहिले नव्हते, कारण त्यात माझा कमीपणा होता. आज लिहिते.

१. आपल्या यंत्रांवर माझा अविश्वास नाही, हे प्रथम नमूद करते. ड्रोनने वरून पानांचे चित्र घ्यायचे आणि खाली खोडाभोवती बारा खिळे गोलाकार ठोकून, त्यांतून बारीक वीज सोडून बुंध्यातली व मुळांतली कूज पडद्यावर पाहायची, ही पद्धत चांगली आहे. शेजारच्या फयोमबाईंच्या बागेत दोन टवटवीत झाडे लाल निघाली. त्या चार दिवस आपल्या पथकाला शिव्या देत होत्या. खणल्यावर मुळांची साल हाताने सोलून निघाली. बाकीची झाडे वाचली म्हणून आता त्याच पथकाला आंबा आणि चिकट भात पाठवतात.

२. झाड क्रमांक ४१ ला मात्र चार पाय आहेत. अकरा वर्षांपूर्वी त्याचे मूळ कुजू लागले, तेव्हा माझे थोरले बंधू प्रयून यांनी बुंध्याभोवती चार रोपे लावली, त्यांचे शेंडे तिरके कापून खोडाच्या सालीत बसवले आणि प्लास्टिकच्या पट्टीने बांधले. वर्षभरात ते जोड एकजीव झाले. तेव्हापासून झाड स्वतःच्या मुळांवर कमी आणि या चार पायांवर जास्त जगते. आमच्याकडे असे पाय बऱ्याच बागांत आहेत. ते झाड आईच्या हातचे आहे आणि तिच्या शेवटच्या आजारात दादाने ते वाचवून दाखवले होते, एवढे सांगणे पुरे.

३. पायांमुळे खिळ्यांचे कडे बसेना. पथकातील तरुणाने विचारले, “मावशी, हे टेकू कशासाठी लावलेत?” मी म्हणाले, “वाऱ्यासाठी.” महोदय, हे खोटे होते. आजारी झाडाची नोंद झाली की सगळ्या बागेकडे लोक नाक मुरडतात, आणि आईच्या झाडाला कुणी नाक मुरडलेले मला सोसले नसते. तो म्हणाला, “मग वरचं चित्र घेतो, खालचा रकाना रिकामा ठेवतो.” मी त्याला मँगोस्टीनची फळे बांधून दिली. तो रकाना आजही रिकामा असता तर मी हा अर्ज लिहिला नसता.

४. कार्यालयातील संगणकात रिकामा रकाना म्हणजे कूज नाही, असे धरले गेले. नंतर कूज नसलेल्या झाडांतून तालुक्याचे मोजमापाचे झाड, म्हणजे बाकीची ज्याच्याशी ताडायची तो ‘आदर्श वृक्ष’, निवडायचे ठरले आणि वय, जागा व जात पाहून नेमके ४१ निवडले गेले. वरच्या चित्रात ते थोडे फिकट आहे. म्हणजे निरोगी मुळांचे झाडही इतपत फिकट असू शकते, असा नियम झाला. आता पाच गावांतील जे झाड माझ्या आजारी झाडाइतके फिकट आहे, ते निरोगी ठरते. मी एक खोटे बोलले. त्याचे आपल्या कार्यालयाने माप केले आहे.

५. मार्चअखेर मी स्वतः खणून पाहिले. चारही पायांची मुळे पांढरी आणि जिवंत आहेत. मधले जुने मूळ काळे पडले आहे, ओढले की साल हातात येते आणि आंबूस वास येतो. आपल्याच प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे तेथली माती पाण्यात घालून वर कोवळ्या पानाचे तुकडे तरंगत ठेवले. तिसऱ्या दिवशी ते कडेने तपकिरी झाले, म्हणजे मातीत रोग आहे. ही परीक्षा मी तीनदा केली, कारण पहिल्या दोन वेळा निकाल मला नको होता.

६. माझी बाग चढावर आहे. दादाची उतारावर. माझ्या बागेतील चर त्याच्या त्रेसष्ट झाडांमधून खाली जातो. पावसाला तीन आठवडे आहेत. आताच त्याने चर बुजवला आणि खोडांत औषधाची सुई दिली तर झाडे राहतील. एकदा पाणी वाहिले की राहणार नाहीत. सोंगक्रानला, नववर्षाच्या सणाला, मोठ्यांच्या हातांवर पाणी घालायला गेले तेव्हा मी त्याला हे सांगितले. पाणी अजून त्याच्या ओंजळीत होते. तो म्हणाला, “दुआन, माझ्या हातचे पाय आहेत ते. अकरा वर्षं उभं आहे झाड.” मी म्हणाले, “दादा, पाय धड आहेत, पण मूळ गेलंय.” त्यावर त्याने भिंतीवर लावलेले आपल्या कार्यालयाचे चित्र दाखवले. “सरकारी कागद हिरवा म्हणतोय. माझी झाडंही हिरवी आहेत. लाल शिक्क्याचा कागद आण, त्याच दिवशी सुया मारतो. नाहीतर सणाच्या दिवशी आईच्या झाडाला नावं ठेवू नकोस.” वहिनीने मला जेवायला थांबवले नाही. सत्तरीला आलेल्या माणसाला त्याचा हात चुकला नव्हता आणि तरीही झाड गेले, हे कसे समजवायचे, ते मला कळत नाही. म्हणून मी आपल्याकडे येते.

७. दरम्यान आपल्या कार्यालयाकडून समारंभाच्या सूचना आल्या. त्यानुसार १२ मे रोजी झाडाखाली फलक उघडला जाईल, पाच गावांतील दोनशे बागायतदार झाडाभोवती फिरून पाहणी करतील आणि “स्मृती म्हणून मूठभर आदर्श माती” सोबत नेतील. शिवाय झाड ताजे दिसावे म्हणून आधीचे तीन दिवस तुषार सिंचन अखंड चालू ठेवावे. महोदय, हा रोग पाण्याने, चिखलाने आणि बुटांच्या तळव्यांनी पसरतो, असे आपल्याच पुस्तिकेच्या पान सहावर छापले आहे. तो पाच गावांत पोहोचवण्याची याहून चांगली व्यवस्था मला सुचली नसती. मातीसाठीच्या पिशव्या कालच आल्या. दोनशे आहेत. त्यांवर झाडाचे चित्र आहे.

८. मी झाड स्वतःच का तोडत नाही, असे आपल्या लिपिकांनी दूरध्वनीवर विचारले. हिरव्या यादीतील झाड विनापरवाना तोडल्यास संपूर्ण बागेची नोंदणी रद्द होते, हेही त्यांनीच पुढच्या वाक्यात सांगितले. परवान्यासाठी झाड लाल हवे. लाल होण्यासाठी पुन्हा पाहणी हवी. आणि मोजमापाच्या झाडाची पुन्हा पाहणी करता येत नाही, कारण मोजायचे त्याच्याशीच असते. “मावशी, नियमात तसं बसतच नाही हो,” असे ते म्हणाले. माणूस चांगला आहे. त्यांच्यावर कारवाई करू नये.

तरी विनंती अशी की, पथक पाठवून पायांच्या आतल्या बाजूने खिळे ठोकावेत. तेथे वीतभर जागा मी करून ठेवली आहे. जे दिसेल ते लिहावे आणि त्याचा लाल शिक्क्याचा कागद माझ्या बंधूंना द्यावा. मला नुकसानभरपाई नको. खोटे बोलल्याबद्दल जो दंड असेल तो मान्य आहे.

दि. २८ एप्रिलपर्यंत कोणी न आल्यास २९ तारखेला सकाळी मी झाड पाडीन, मुळे उपसून खड्ड्यात चुना भरीन. झाडावर सदतीस फळे आहेत, त्यांना दोऱ्या बांधून झाल्या आहेत, ती पिकायला अजून वीस दिवस हवेत. ती तशीच जातील. नोंदणी जाईल हेही मला ठाऊक आहे. त्यानंतर फलक कोठे लावायचा, हे कार्यालयाने ठरवावे.

आपल्या उत्तराकडे आणि आभाळाकडे डोळे लावून बसलेली,
लमदुआन फोथिसान
(झाड क्रमांक ४१ ची मालकीण)

सोबत :
१. फेब्रुवारीचे चित्र. रिकाम्या रकान्याभोवती पेनने गोल केला आहे.
२. पानांचे तपकिरी तुकडे, तीन परीक्षांचे, वेगवेगळ्या पाकिटांत.
३. जुन्या मुळाचा तुकडा, बंद बाटलीत. कार्यालयाच्या बागेजवळ उघडू नये.
४. मातीच्या रिकाम्या पिशव्या, दोनशे, परत.

प्रत माहितीसाठी :
श्री. प्रयून, खालची बाग. दादा, यावर शिक्का नाही, तरी वाच. तुझे चारही पाय अजून पांढरेशुभ्र आहेत. पाडताना तू ये, पण त्याआधी चर बुजव.